मांजरांचे लसीकरण

मांजरांचे लसीकरण म्हणजे पाळीव मांजरांना गंभीर सांसर्गिक रोगांपासून संरक्षण मिळावे म्हणून प्रतिबंधक लसी टोचणे होय. यांपैकी रेबीजची लस मांजराबरोबरच त्याला पाळणाऱ्या कुटुंबाचेही रक्षण करते.

रोग

पॅनल्यूकोपेनिया हा रोग पार्व्हो गटातील विषाणूमुळे होतो. त्यात ताप, उलट्या व जुलाब होतात, रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात आणि लहान पिल्ले अनेकदा दगावतात. हा विषाणू जमिनीवर व भांड्यांवर अनेक महिने तग धरतो आणि पादत्राणांवरूनही घरात येतो. त्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही त्याचा धोका असतो. हर्पिस व कॅलिसी या विषाणूंमुळे शिंका येणे, नाक-डोळे वाहणे, तोंडात व्रण होणे ही लक्षणे दिसतात. या तिन्ही विषाणूंविरुद्ध एकत्रित लस उपलब्ध आहे. रेबीज मुख्यतः बाधित प्राण्याच्या चाव्यातून पसरतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

वेळापत्रक

आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे काही आठवडे रक्षण करतात. परंतु तीच प्रतिपिंडे लसीचा परिणामही निष्फळ करू शकतात. ती केव्हा ओसरतील, हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत वेगळे असते. म्हणून एकत्रित लसीची एकच मात्रा पुरेशी मानली जात नाही. पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देऊन, पुढील मात्रा ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने किमान १६ आठवडे वयापर्यंत देतात. त्यानंतर ६ महिने ते १ वर्षाच्या वयात वर्धक मात्रा दिली जाते. रेबीजची लस साधारणतः १२ आठवड्यांनंतर व पुन्हा एका वर्षाने टोचतात. पुढील मात्रांचे अंतर लसीच्या प्रकारानुसार पशुवैद्यक ठरवतात. आजारी मांजराचे लसीकरण सहसा पुढे ढकलले जाते.

मराठवाड्यातील स्थिती

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या शेतीप्रधान तालुक्यांत घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या रोगांवरील लसी शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. उंदरांपासून धान्य राखणारे मांजर मात्र या विचारातून सहज सुटते. याच जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

मांजर चावल्यास

मांजराने चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून तत्काळ वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. मांजराला लस टोचलेली असली, तरी हा सल्ला टाळू नये.