तिरंगा आणि आपला मांडव

आम्हा सरकारी नोकरांना ध्वजारोहणाचे नियम पाठ असतात. सामान्य नागरिकाला मात्र २६ जानेवारी २००२ रोजी ध्वजसंहिता लागू होईपर्यंत ठरावीक दिवस सोडून घरावर तिरंगा लावण्याची मुभा नव्हती. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मूलभूत हक्क मानला. कापड हाताने कातलेल्या-विणलेल्या खादीचेच लागे. आपल्या शेजारचे धारवाडजवळचे गरग आणि हुबळीचे बेंगेरी त्यामुळेच देशभर ठाऊक झाले. २०२१ अखेरीस यंत्रावरचे पॉलिएस्टरही चालू लागले (आम्हांला खादीच आवडते!) आणि २०२२ पासून रात्रीही ध्वज ठेवता येतो.

ध्वज झरकन चढवायचा, सावकाश उतरवायचा, हे शाळेतली पोरेही सांगतील. चुकते ते मांडवात. तिरंग्याची झालर किंवा तोरण करायचे नाही, त्यावर मंडळाचे नाव लिहायचे नाही. भगवा आपल्याला जीव की प्राण, तरी तो त्याच काठीवर नको. त्याची काठी वेगळी, तिरंग्याहून उंच नसलेली. आणि रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिरंगा भगव्याच्या डावीकडे दिसला पाहिजे. विसर्जनानंतर मांडव उतरवताना ध्वज फाटलेला आढळला, तर कचऱ्यात न टाकता एकांतात, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करावा.