पेटीवरचा एक शब्द

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं सातारच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा आम्हीही कराडहून एसटीने पाहायला गेलो. गर्दी खूप. काचेपुढे क्षणभर थांबायचं आणि पुढे सरकायचं. डोळे निवले, पण मन भरलं नाही. रात्री मुलीने त्याच म्युझियमचा संग्रह मोबाइलवर उघडून दिला. म्हणाली, ‘‘अब्बा, आता हवं तेवढं बघा.’’

तिथे सालावरून वस्तू शोधायची सोय आहे. अमुक सालापासून तमुक सालापर्यंत, एवढं लिहायचं. मग त्या काळातलं कापड, कट्यार, चित्र, भांडं समोर येतं. शाळेत आपण इतिहास धड्याधड्याने शिकलो. शिवाजी महाराज एका धड्यात, इंग्लंडचा राजा दुसऱ्या पुस्तकात. इथे साल एक आणि जग सारं शेजारी!

मात्र थोडं जपून. जुन्या वस्तूवर साल कोरलेलं क्वचितच सापडतं. बहुतेक साल जाणकारांनी अंदाजाने ठरवलेलं. नोंदीत नुसतं ‘अठरावं शतक’ असलं, तर १७०५ मध्ये शोधा की १७९५ मध्ये, तीच वस्तू पुढे येऊ शकते. वस्तू घडली ते साल वेगळं, ती संग्रहालयात पोचली ते वेगळं. शिवाय पंचांगंही अनेक. प्रतापगडाची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी. तो शके १५८१, हिजरी १०७०. आमच्या घरात उरूस-लग्नं हिजरीवर, पेरणी मृगावर आणि पगार इंग्रजी तारखेवर. त्यामुळे हा गुंता मला घरचाच वाटला.

आता वाघनखांची नोंद. साताऱ्यात १८१८ मध्ये इंग्रजांचा अधिकारी म्हणून आलेल्या जेम्स ग्रँट डफकडे ती होती. त्याचा नातू एड्रियन याने ती म्युझियमला दिली. सोबतच्या पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. त्याचा आशय असा की, शिवाजीने या वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफला दिली.

मी ‘मुघल’ या शब्दापाशी अडखळलो. अफझलखान मुघल नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. १६५९ मध्ये दिल्लीच्या तख्तावर औरंगजेब होता आणि त्यानेच पुढे १६८६ मध्ये विजापूर जिंकलं. दोन वेगळी राज्यं, एकमेकांशी लढणारी. पेटीवर लिहिणाऱ्याला सगळे सारखेच! खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या सोबतीला सिद्दी इब्राहिम होता, हे ज्याला ठाऊक आहे तो असा एका शब्दात हिशेब मिटवणार नाही. आमच्या कराडचे मनोरेही आदिलशाहीतले. तेही कुणी सहज ‘मुघलांचे’ म्हणून टाकतं. नाव चुकलं की माणसंही चुकीच्या रांगेत उभी राहतात, आणि ती रांग मग पिढ्यान्‌पिढ्या मोडत नाही.

म्युझियमचं मला एक आवडलं. हीच ती वाघनखं, याची खातरजमा करता आलेली नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. त्याने महाराजांचा पराक्रम तसूभरही उणा होत नाही. तो पोलादाच्या चार नखांवर थोडाच उभा आहे?

म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलांना सोबत घ्या, एखादं साल लिहा आणि नोंद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वस्तू कुणी दिली, कधी दिली, कशावरून म्हणता, हे विचारायला शिकवा. आणि जमलं तर घरातल्या ट्रंकेतल्या फोटोंमागे आजच नाव आणि साल लिहून ठेवा. मी वडिलांच्या फोटोमागे पेन्सिलीने लिहिलं. साल नक्की आठवेना, म्हणून पुढे ‘अंदाजे’ असंही लिहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)