एक रेघ, अनेक ब्लॉक: चित्रात न दिसणारा क्रम

हिंजवडीत गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांमध्ये ‘कोड लिहिला’ इतकंच ‘मॉडेल काढलं’ हे वाक्यही सर्रास ऐकू येतं. काढलं म्हणजे खरोखरच काढलं. सिम्युलिंक उघडायचं, डावीकडे सेन्सरचा ब्लॉक ठेवायचा, उजवीकडे आउटपुटचा, मधे गुणाकार, तुलना, विलंब यांचे ब्लॉक, आणि सगळे रेघांनी जोडत जायचे. त्या चित्रातून सी भाषेतला कोड आपोआप तयार होतो आणि गाडीच्या ईसीयूमध्ये जाऊन बसतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू झालं, नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला, आणि इंधन किती फवारायचं हे ठरवणाऱ्या अशा चित्रांचं वजन आणखी वाढलं.

आज या चित्रांमधल्या एकाच कृतीबद्दल बोलू. अनेक ब्लॉक एका दमात जोडणं. सिम्युलिंकमध्ये हे सोपं आहे. ज्या ब्लॉकांकडे रेघ न्यायची ते सगळे निवडा, कंट्रोल दाबून ठेवा, मूळ ब्लॉकवर क्लिक करा. रेघा आपोआप पडतात. तुम्ही म्हणाल, माउसच्या एका क्लिकमध्ये कसला आलाय इतिहास? पण तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल तर अशा ‘सोयी’ जरा थांबून बघायची सवय लावून घ्या. सोय म्हणजे कुणीतरी आपल्या वतीने आधीच घेतलेला निर्णय असतो. इथे तो निर्णय आहे क्रमाचा: एका ठिकाणाहून चार ठिकाणी रेघ गेली, तर आधी काय घडतं?

हा प्रश्न पडद्यावरच्या चित्रांच्या आधीचा आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत जाहीरपणे दाखवलेल्या एनिॲक या संगणकावर नवं गणित बसवायचं म्हणजे स्विच फिरवायचे आणि केबल खुपसायच्या. ते काम मुख्यतः सहा स्त्रियांनी केलं. प्रत्येक भागापासून प्रत्येक भागापर्यंत वेगळी केबल टाकली असती तर खोलीत चालायला जागा उरली नसती. म्हणून यंत्राच्या कडेने लांबलचक सामायिक वाहिन्या होत्या, दहा अंकांसाठी दहा तारा आणि चिन्हासाठी एक. कुणीही त्या वाहिनीवर आकडा टाकायचा, ज्याला हवा त्याने उचलायचा. पण दोघांनी एकदम टाकून चालायचं नाही. कोण कधी टाकणार याचा हिशोब वेगळ्या केबल आणि स्विचांनी ठेवावा लागे. म्हणजे ‘कोण कुणाला जोडलंय’ आणि ‘कधी’ ही दोन कामं तिथे वेगवेगळी केलेली होती, आणि दोन्ही डोळ्यांना दिसत होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या पन्नास वर्षांत दुसरं काम हळूहळू नजरेआड गेलं.

ते कसं गेलं, हे बघायला भोसरीच्या एखाद्या पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जाणं उत्तम. जुन्या मशीनच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिलेच्या रांगा असत आणि त्यांचं ड्रॉइंग शिडीसारखं: दोन उभे खांब, मधे आडव्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर काही संपर्क आणि शेवटी एक कॉइल. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला या रिलेंच्या जंजाळाऐवजी सहज बदलता येईल असं काहीतरी हवं होतं. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र दिलं. आपण आज ज्याला पीएलसी म्हणतो त्याच्या पहिल्या पिढीतलं. त्यात शिडीचं चित्र तसंच ठेवलं. कारण सरळ होतं, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला तेच वाचता येत होतं.

चित्र तेच राहिलं, पण काळ बदलला. रिलेच्या पॅनलमध्ये सगळ्या पायऱ्या एकाच वेळी ‘जिवंत’ असतात. वीज वाट बघत नाही. पीएलसी मात्र इनपुट वाचतो, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ओळीने हिशोब करतो, मग आउटपुट सोडतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका कॉइलला दोन वेगळ्या ठिकाणांहून वायर आणली, तर रिलेच्या जगात दोघांपैकी कुणीही कॉइल ओढू शकतो. तेच पीएलसीत दोन पायऱ्यांवर एकच कॉइल काढून केलं, तर साधारणपणे खालची पायरी जिंकते. वरच्या पायरीने ‘चालू’ म्हटलं तरी खालची ‘बंद’ म्हणून मोकळी होते. नव्या ट्रेनीला पॅनलवाले पहिल्याच आठवड्यात बजावतात की कॉइल दोनदा वापरायची नाही. त्या ताकिदीत तंत्रज्ञानाच्या एका स्थित्यंतराचा अख्खा इतिहास आहे.

दुसरा धागा विद्यापीठांतून येतो. आयव्हन सदरलँड यांचं १९६३ चं स्केचपॅड बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्यांचे थोरले भाऊ बर्ट यांचं नाव फारसं घेतलं जात नाही, आणि हा मला अन्याय वाटतो. त्याच टीएक्स-२ संगणकावर काम करून बर्ट यांनी १९६६ मध्ये एमआयटीला जो प्रबंध दिला, त्यात प्रोग्रॅम लिहायचाच नव्हता. पडद्यावर ठोकळे आणि रेघा काढायच्या होत्या, आणि रेघांवरून आकडे वाहणार होते. पुढे १९८६ चं लॅबव्ह्यू, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं सिम्युलिंक (त्याचं पहिलं नाव सिम्युलॅब) हे याच कल्पनेच्या घराण्यातले.

या घराण्यात एक संगीतकारांची शाखा आहे, आणि आपल्या प्रश्नासाठी तीच सगळ्यात उपयोगी आहे. मिलर पकेट यांनी ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मॅक्स बनवलं आणि नव्वदच्या दशकात प्युअर डेटा. दोन्ही एकाच माणसाची, दिसायला सख्खी भावंडं. आता एक छोटा प्रयोग करा. एक आकड्याची चौकट घ्या, खाली बेरजेची चौकट ठेवा. वरच्या चौकटीतून दोन वायर काढा, एक बेरजेच्या डाव्या तोंडाला, एक उजव्या. म्हणजे आकड्याची दुप्पट मिळायला हवी. यात डाव्या तोंडाला आकडा आला की लगेच उत्तर बाहेर पडतं. उजवं तोंड फक्त आकडा साठवून ठेवतं. मॅक्समध्ये ५ पाठवा, १० येतात. ७ पाठवा, १४ येतात. कारण मॅक्सचा नियम आहे: उजवीकडचं आधी, डावीकडचं नंतर. पडद्यावरच्या जागेवरून क्रम ठरतो.

प्युअर डेटामध्ये क्रम ठरतो तो वायर कुठली आधी जोडली यावरून. डावी वायर आधी जोडली असेल तर ५ पाठवल्यावर ५ येतात, कारण उजवीकडे अजून शून्यच आहे. मग ७ पाठवले की १२! उजवी आधी जोडली असेल तर १० आणि १४, अगदी बरोबर. आणि दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी. स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी ठेवा, भिंग घेऊन बसा, फरक सापडणार नाही. म्हणून जाणकार मधे ‘ट्रिगर’ नावाची चौकट घालतात, जिच्यात क्रम उघड लिहिलेला असतो. २०२० च्या ०.५१ आवृत्तीत प्युअर डेटामध्ये निवडलेल्या चौकटी एका झटक्यात जोडायची सोय आली. काम खूप वाचतं, खोटं कशाला बोलू. पण झटक्यात केलेल्या जोडण्यांचा आपसातला क्रम तुम्ही हाताने ठरवलेला नसतो, तेव्हा ट्रिगरची गरज उलट वाढते.

मग हा फरक संशोधकाने शोधायचा कुठे? फाइलमध्ये. प्युअर डेटाचा पॅच नोटपॅडमध्ये उघडता येतो. प्रत्येक वायरची एक ओळ असते: ‘कनेक्ट’ हा शब्द आणि पुढे चार आकडे. कुठल्या चौकटीतून, तिच्या कितव्या तोंडातून, कुठल्या चौकटीत, कितव्या तोंडात. एकाच तोंडातून निघणाऱ्या वायरींच्या ओळी ज्या क्रमाने आहेत, तोच चालण्याचा क्रम. चित्राने जे गिळलं ते मजकुराने जपलेलं असतं. जुन्या सिम्युलिंक मॉडेलची एमडीएल फाइलही अशीच साधा मजकूर आहे. त्यात रेघेची नोंद असते आणि रेघेला फाटे फुटले तर त्यांची वेगळी नोंद. २०१२ पासून एसएलएक्स हा दाबलेला प्रकार आला, तोही सोडवून वाचता येतो. प्रबंधात नुसती आकृती छापून ‘यावरून दिसून येते की’ असं लिहिण्याआधी ही फाइल उघडा.

आता पुन्हा हिंजवडी. सिम्युलिंकने क्रमाचा प्रश्न तिसऱ्याच पद्धतीने सोडवलाय: कुणाला कुणाचं उत्तर आधी लागतं हे बघून तो स्वतः ब्लॉकांची यादी लावतो. रेघ आधी काढा की नंतर, वर काढा की खाली, हिशोब बदलत नाही. मग इथे रेघा कशाही काढल्या तरी चालतील? यंत्राला चालतील. माणसांना नाही. फोर्ड, डेमलर-क्रायस्लर आणि टोयोटा यांनी मिळून मॉडेल कसं काढावं याची नियमावली केली, तिची पहिली आवृत्ती २००१ ची. हिंजवडीतला इंजिनिअर जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या ग्राहकासाठी मॉडेल काढतो तेव्हा ही नियमावली, किंवा तिच्यावर बेतलेली ग्राहकाची स्वतःची, समोर असतेच. तिच्यात एक नियम आहे: रेघा काटकोनात वळाव्यात, शक्यतो एकमेकींना छेदू नयेत, आणि एका बिंदूतून दोनपेक्षा जास्त फाटे फुटू नयेत.

दोनच का? पडद्यावर तीन फाटे अगदी स्पष्ट दिसतात. माझा तर्क असा की हा नियम ड्रॉइंग बोर्डवरून आलाय. विजेच्या ड्रॉइंगमध्ये दोन वायर एकमेकींवरून जातात तेव्हा नुसती फुली, आणि जोडलेल्या असतात तेव्हा फुलीवर ठिपका. अमोनिया प्रिंट फिकट निघाली आणि ठिपका उडाला, की चार वाटांचा जोड नुसती फुली होऊन बसतो. म्हणून चांगला ड्राफ्ट्समन चार वाटा एका बिंदूत आणत नाही. एक फाटा इथे, दुसरा थोडा पुढे काढतो. तीन वाटांच्या जोडाचा ठिपका उडाला तरी तो जोडच दिसतो.

मी ‘तर्क’ म्हटलं, ‘पुरावा’ नाही. दोन नियम सारखे आहेत म्हणून एक दुसऱ्यातून आला असं होत नाही. वाचायला सोपं जावं या एकाच गरजेतून दोन्ही स्वतंत्रपणे निघालेले असू शकतात. मार्गदर्शक पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि विचारायलाच हवा.

सामायिक वाहिनीचं काय झालं, तेही सांगतो. गाडीत इलेक्ट्रॉनिक डबे वाढले तशी प्रत्येकापासून प्रत्येकाकडे वायर नेणं जड आणि महाग झालं. १९८६ मध्ये बॉशने कॅन बस मांडली: दोन तारांची एक जोडी, सगळे डबे तिच्यावर, आणि दोघे एकदम बोलले तर कुणी थांबायचं हे संदेशाच्या क्रमांकावरून ठरतं. सिम्युलिंकच्या चित्रातही ‘बस’ आहे, अनेक सिग्नलांची मोळी बांधून एकच रेघ. मात्र तिच्यात दोन प्रकार आहेत. एक निव्वळ चित्रातली सोय, जिचा कोडमध्ये मागमूसही राहत नाही; दुसरी सी कोडमध्ये खरीखुरी स्ट्रक्चर होऊन उतरते. (‘बस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या शब्दाचं शेपूट आहे. संध्याकाळी वाकडच्या दिशेने उभ्याने प्रवास केलेल्यांना ही व्युत्पत्ती पटायला वेळ लागणार नाही.)

ज्यांना यावर छोटा प्रकल्प करायचाय त्यांनी सुरुवात सिम्युलिंकपासून करू नका. एखाद्या जुन्या पॅनल उत्पादकाकडे रिलेच्या काळातलं ड्रॉइंग आणि त्याच मशीनचा नंतरचा पीएलसी प्रोग्रॅम, असे दोन्ही कागद मिळतात का बघा. मिळाले तर आधी फाटे मोजा, कुठल्या कॉइलपाशी किती वाटा येतात ते लिहा. मग ज्याने ते बदललं त्याला विचारा की कुठली पायरी वर-खाली करावी लागली, आणि का.