बुलडोझर कचरा दाबत नाही

बुलडोझर कचऱ्यावरून फिरला की कचरा दाबला गेला, असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्याचे पट्टे असतात नेमके उलट कामासाठी: यंत्र चिखलात रुतू नये म्हणून वजन पसरवायला. एवढं अवजड धूड, पण जमिनीवरचा दाब चालत्या माणसाच्या पावलाच्या आसपासच.

अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहराने १९३७ मध्ये कचरा चरात टाकून, दाबून, रोज मातीने झाकायला सुरुवात केली. पुढे त्यासाठी खास कॉम्पॅक्टर आले, तेही जुगाडाच्या वळणाचेच. चाकांचा डोझर घ्यायचा, टायर काढून दातेरी पोलादी चाकं चढवायची. कॅटरपिलरचा ८२६ कॉम्पॅक्टर हा त्यांच्याच ८२४ डोझरचा भाऊ. जुन्या लोडरलाही अशी चाकं बसवता येतात. सगळं वजन दातांवर येतं, कचरा चिरडतो, मधली हवा निघून जाते.

देवनारला कचरा पडतोय १९२७ पासून. आमच्या मुलुंडला साठच्या दशकात सुरू झालं. पातळ थर करा, कॉम्पॅक्टरने दाबा, रोज झाका, हे देशाच्या नियमांत आलं थेट २००० साली. त्यातही सवलत: जास्त पावसाच्या भागात जड कॉम्पॅक्टर चालत नसेल, तर पर्यायी उपाय करा. (ही ओळ मला मुंबईकडे बघूनच लिहिल्यासारखी वाटते.)

जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं. सैल कचऱ्यात हवा खेळते, सडताना मिथेन होतो, आग आतल्या आत धुमसते; वरून पाणी मारून भागत नाही. धुरामुळे महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुलुंडला २०१८ मध्ये कचरा टाकणं थांबलं, आणि मग तोच डोंगर उकरून, चाळून काढायचं कंत्राट निघालं.