मनाचें औषध आणि हौदाचें गणित

आयुष्यभर मीं मुलांना त्रैराशिक शिकविलें. एका पोत्याला इतके रुपये, तर पांच पोत्यांना किती? औषधाचेंही असेंच असावें, अशी पुष्कळांची समजूत असते. दुखणें दुप्पट, तर मात्राही दुप्पट. ही समजूत किती घातक आहे, हें मनाच्या औषधांच्या इतिहासानें मोठें मोल घेऊन शिकविलें.

ऑस्ट्रेलियांत, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयांत जॉन केड नांवाचे डॉक्टर होते. लिथियम धातूच्या क्षारानें उन्माद शांत होतो, असें त्यांच्या ध्यानांत आलें. १९४८ च्या मार्चमध्यें त्यांनीं पहिला रोगी हातीं घेतला. पांच वर्षें उन्मादांत असलेला हा ५१ वर्षांचा गृहस्थ बरा होऊन आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. १९४९ च्या सप्टेंबरांत केड यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. परंतु १९५० सालीं तोच रोगी त्याच औषधाच्या विषबाधेनें वारला.

याच सुमारास अमेरिकेंत निराळा प्रकार घडला. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांत मीठ वर्ज्य असतें. म्हणून खारट चवीचें लिथियम क्लोराइड मिठाच्या जागीं विकलें जात होतें. तें अन्नावर घालून खाणारे रोगी आजारी पडले, कांहीं दगावले, आणि १९४९ सालीं तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें.

असें कां व्हावें? लिथियम शरीरांत मोडत नाहीं. जवळजवळ सगळें मूत्रावाटेच बाहेर पडतें. शिवाय मूत्रपिंड त्याला मिठांतील सोडियमचा भाऊ समजतें. आहारांत मीठ कमी पडलें, कीं तें सोडियम राखून ठेवतें, आणि त्याबरोबर लिथियमही. आमच्या अंकगणितांत नळाचें आणि हौदाचें उदाहरण असे, तें येथें आठवावें. वरची धार तीच राहिली आणि खालची मोरी तुंबली, तर हौद भरून वाहणारच.

हौद किती भरला, हें पाहण्याची सोय पुढें झाली. मेलबर्न येथील ट्राउटनर व त्यांचे सहकारी यांनीं शंभराहून अधिक रोग्यांवरील अनुभव, रक्तांतील लिथियम मोजून, १९५१ सालीं प्रसिद्ध केला. १९५४ सालीं डेन्मार्कमधील मोगन्स शू यांनीं रीतसर प्रयोग करून या औषधाचा गुण दाखविला. अमेरिकेनें त्यास १९७० सालीं मान्यता दिली. आज तें उन्माद व विषाद आळीपाळीनें येणाऱ्या विकारावर, आणि कधीं हट्टी उदासीनतेंत दुसऱ्या औषधाच्या जोडीला देतात. रक्तांत तें लिटरमागें साधारण ०.६ ते १.० मिलिमोल राखतात, १.५ च्या वर गेलें, कीं विषबाधेची भीति.

मोरी किती मोकळी आहे, याचें गणित कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनीं १९७६ सालीं मांडलें. १४० मधून वय वजा करावें, बाकीला किलोंतील वजनानें गुणावें, आणि रक्तांतील क्रिएटिनिनच्या ७२ पटीनें भागावें. स्त्रियांचें उत्तर पंधरा टक्के कमी धरावें. दोन पुरुष घ्या. दोघांचेंही वजन ६० किलो आणि क्रिएटिनिन १. पहिला ३२ वर्षांचा, दुसरा माझ्यासारखा, ६८ वर्षांचा. पहिल्याचें उत्तर मिनिटाला ९० मिलिलिटर येतें, दुसऱ्याचें ६०. तपासणीच्या कागदावर आंकडा एकच, पण म्हाताऱ्याची मोरी दोन तृतीयांशच मोकळी!

उदासीनतेवर पुढें निघालेलीं बहुतेक औषधें यकृतांत मोडतात. तरी मूत्रपिंडाकडे पाहिल्यावांचून चालत नाहीं. तें फार क्षीण असल्यास व्हेन्लाफॅक्सिनची मात्रा निम्म्यावर किंवा त्याहूनही खालीं आणतात, ड्युलोक्सेटिन टाळतात. सर्ट्रालिनची मात्रा मात्र सहसा बदलावी लागत नाहीं.

म्हणून ज्या घरीं वडीलधारें माणूस असें औषध घेत असेल, तेथें मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मनाच्या डॉक्टरांनाही अवश्य दाखवावा. मात्रा आपल्या मनानें वाढवूं नये, कमी करूं नये, आणि औषध एकाएकीं तोडूंही नये. गेलेला विषाद परतण्याचा संभव असतो. केड यांच्या त्या पहिल्या रोग्याला गुण आला होता, तो खराच होता. त्याच्या रक्तांत औषध किती सांचलें, हें सांगणारें माप तेवढें त्या वेळीं हाताशीं नव्हतें. आज तें आहे. तें वापरण्याचा आळस आपण करूं नये, एवढीच विनंति.