क्यिदुग : निर्वासित तिबेटींची सुखदुःख-मंडळे

तिबेटी भाषेत ‘क्यि’ म्हणजे सुख आणि ‘दुग’ म्हणजे दुःख. या दोन शब्दांच्या जोडीतून ‘क्यिदुग’ हे नाव सिद्ध झाले. ल्हासा नगरीत एकाच धंद्यातले किंवा एकाच प्रांतातून आलेले लोक असे मंडळ स्थापीत, यथाशक्ति वर्गणी घालीत, आणि लग्नकार्य, आजार, मृत्यू अशा प्रसंगी ते मंडळ त्या घराच्या पाठीशी उभे राही. राज्यकारभाराशी त्याला फारसे कर्तव्य नसे.

१९५९ च्या मार्चमध्ये ल्हासातील उठाव चिरडला गेला. ३१ मार्च रोजी दलाई लामांनी भारताच्या हद्दीत पाऊल टाकले व त्यांच्या मागोमाग सुमारे ८०,००० लोक हिमालय उतरून आले. त्यांतील पुष्कळांच्या वाट्याला प्रथम काय आले, तर डोंगरात सडका बांधण्याचे काम. आईबाप खडी फोडीत आणि मुले छावणीत आजारी पडत. अशा छावण्यांतूनच १७ मे १९६० रोजी ५१ मुले धरमशाळेस आणण्यात आली. दलाई लामांच्या वडील भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांचा सांभाळ पत्करला. पुढे जे तिबेटी बालग्राम उभे राहिले, त्याचा हा आरंभ.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला लोकप्रतिनिधींची पहिली सभा अस्तित्वात आली. सभासद अवघे १३ : उ-त्सांग, खाम आणि आम्दो या तीन प्रांतांचे प्रत्येकी तीन व चार धर्मसंप्रदायांचा प्रत्येकी एक. जवळ भूमी नाही, सैन्य नाही, तरी निवडणूक आहे! १९६३ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात तर दलाई लामांचे अधिकार काढून घेण्याची तरतूद होती, आणि ती त्यांच्याच आग्रहाने घातली गेली. भाविक प्रजेला ती रुचली नाही, यात नवल ते काय? १९७२ पासून स्वेच्छेची वार्षिक वर्गणीही सुरू झाली. तिची नोंद हिरव्या पुस्तिकेत होते. कर म्हणावा तर सक्ती करणारे राज्य नाही, पण मत देण्याचा हक्क त्या नोंदीशी जोडलेला आहे.

वसाहतींचा प्रारंभ म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे येथे जंगल तोडून झाला. महाराष्ट्रातही १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसली. हिमप्रदेशातील माणसे भाताच्या मुलखात शेतकरी झाली आणि थंडीच्या दिवसांत शहरोशहरी लोकरी कपडे विकू लागली.

१९७० साली स्थापन झालेली तरुणांची काँग्रेस हा या इतिहासातला सर्वांत धीट अध्याय होय. दलाई लामांनी पुढे स्वायत्ततेचा मध्यममार्ग स्वीकारला, परंतु या संघटनेने पूर्ण स्वातंत्र्याची मागणी सोडली नाही. ज्याच्या चरणी मस्तक ठेवायचे त्याच्याशीच मतभेद राखायचा, हे सोपे नव्हे. २०११ मध्ये दलाई लामांनी राजकीय अधिकार स्वतःहून सोडले, तेव्हा त्यांना परत घ्या म्हणून विनवणारेच अधिक निघाले.

आता वसाहतींतील तरुण परदेशी जात आहेत. घरे वृद्धांच्या हाती उरली आहेत. न्यूयॉर्कमध्ये मात्र गावोगावच्या लोकांची क्यिदुगे पुन्हा जमली आहेत. कोणी वारले की वर्गणी डॉलरांत गोळा होते आणि ४९ दिवसांच्या प्रार्थनांसाठी भिक्षूंची शोधाशोध सुरू होते.