वर्कशॉपचे दार कुणी बंद केले होते?

गुणवत्तेचे गोडवे गाणाऱ्यांना आम्ही मुंबईच्या गिरण्यांची आठवण देतो. तिथे विणखात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होई! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. 1942 मध्ये ते मजूरमंत्री झाले, त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी तंत्रशिक्षण मागितले.

शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. पण त्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळायला 1973 ची दुरुस्ती उजाडावी लागली. मोटर मेकॅनिक असो वा इलेक्ट्रिशियन, ती जागा कलम 3अ चा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. शिकून झाल्यावर नोकरीची हमी मात्र कायदा देत नाही. 1995 मध्ये उत्तर प्रदेश परिवहनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इतकेच म्हटले, की इतर बाबी समान असतील तर शिकाऊंना प्राधान्य द्या. तुमच्या आगारात किती राखीव जागा भरल्या? माहिती अधिकारात विचारा.